पालथ्या पोरी

आमच्या घरी दारामागे एक पिशवी अडकवलेली आहे आणि त्या पिशवीत पिशव्याच आहेत. मुद्दाम कुणी जमवलेल्या नाहीत. भाजीची एक आली, मेडिकलची एक आली, कोंबत गेलो. हॉस्पिटलचे किस्से असेच साठतात बघा! जमवायचे म्हणून कुणी जमवत नाही, आणि एखादा ओढायला जावं तर सोबत दहा बाहेर येतात.

माझे सगळे दुसऱ्या लाटेतले. आणि हॉस्पिटल तरी कसलं! दिंडोरी रोडला एक मंगल कार्यालय होतं, त्याचंच कोविड सेंटर केलं होतं. नवरा-नवरीच्या स्टेजवर ऑक्सिजनचे सिलेंडर, जेवणाच्या हॉलमध्ये पुरुष पेशंट, आणि वधूपक्षाच्या खोलीत आम्ही चार बायका.

आधी ओळख करून देते. मी मीनल. तेव्हा तेहेतीसची. एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात तिकिटं काढायचे, म्हणजे लॉकडाऊनमुळे काढत नव्हते. शेजारच्या बेडवर कल्पना, मखमलाबादची, घरची फुलशेती. ती एकतीसची. पलीकडे ज्योती, माहेर सटाण्याकडचं, नवरा एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनला. ती सव्वीसचीच. आणि दाराजवळ रूपाली, ट्रॅफिकची हवालदार, माहेर-सासर दोन्ही सायखेड्याला, कॉलेजात कबड्डी गाजवलेली. छत्तीसची. सगळ्यात मोठी तीच.

वयं एवढ्यासाठी सांगतेय, की पहिल्या लाटेत सगळीकडे एकच ऐकलं होतं, "तरुणांना काही होत नाही, म्हाताऱ्यांना जपा." आम्ही जपलं हो! सासूबाईंना मी जिन्याखाली उतरू दिलं नाही. दूध धुऊन, भाज्या धुऊन, नोटासुद्धा इस्त्रीखाली घालून घेतल्या. त्या ठणठणीत राहिल्या आणि ऑक्सिजन मला लागला! चौघींत कुणाला शुगर नाही, बीपी नाही, काही नाही. ज्योतीला तर त्याआधी साधं सलाईन कधी लागलं नव्हतं.

चौघींतल्या तिघी घरी आलो. ते येईल पुढे. आधी आरशाचं सांगते.

* * *

मला आणलं तेव्हा मी अर्धवट शुद्धीत होते. स्ट्रेचर ढकलणाऱ्या पगारे सिस्टर. पीपीई किटमुळे सगळ्या सारख्याच दिसायच्या, म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहिलेलं. पुढून कुणीतरी विचारलं, "पेशंट कुठे घेऊ?" तर सिस्टर ओरडल्या, "वधूपक्षाकडे!"

मला वाटलं, झालं. डोक्यावर परिणाम झाला माझ्या!

खोलीत नेऊन झोपवलं, मास्क लावला. थोड्या वेळानं डोळे उघडले तर समोर बायकांची रांग. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, सगळ्या माझ्याकडे बघतायत. आणि मधली एक तर फारच वाईट दिसत होती. केस पिंजारलेले, डोळे खोल गेलेले, रंग उडालेला. माझा जीव कळवळला. मी सिस्टरांना हात केला. "सिस्टर, माझं राहू द्या. त्या समोरच्या बाईंना बघा आधी, त्या फार सिरीयस दिसतायत."

दाराकडून खणखणीत आवाज आला, "अगं, ती तूच हाय!"

नवरी नटवायची खोली ना ती! समोरची अख्खी भिंत आरशाची, भोवती बल्ब लावलेले.

सिस्टर म्हणाल्या, "पेशंट घाबरतात, चादर टाकते ह्याच्यावर."

तर तीच दाराजवळची, म्हणजे रूपाली, म्हणाली, "राहू द्या सिस्टर. चार जणींपेक्षा आठ जणी बऱ्या. जरा गर्दी वाटते."

* * *

आमच्या डॉक्टरांचं नाव कौस्तुभ. आडनाव होतं काहीतरी, पण किटवर 'कौस्तुभ'च मावलं होतं. नुकतंच शिक्षण झालेला मुलगा. दिवसातून दहा वेळा येऊन एकच ओरडायचा, "ताई, पालथ्या! पोटावर झोपा! फुफ्फुसाला जागा द्या!" पोटावर झोपलं की ऑक्सिजन वाढतो म्हणे, आणि खरंच वाढायचा. पण तासन् तास पालथं पडून बघा एकदा! मान अवघडते, मास्क नाकात रुततो, आणि बोलायचं तर उशीशी.

ज्योतीची आई तिला सटाण्याकडून रोज व्हिडिओ कॉल करायची. ज्योती धापा टाकत हसून सांगायची, "मी बरी शे, माय." आणि ती माउली पदरानं डोळे पुसत तिकडून एकच म्हणायची, "जपी जाय, माय. जपी जाय. बठ्ठं बरं व्हई जाई."

कल्पना देवभोळी. तिनं ते ऐकलं आणि मला म्हणाली, "मीनलताई, त्या माउली काय सांगत्यात बघा. जप करा म्हणत्यात. मोठ्या बाईचा शब्द हाय, खाली पडू द्यायचा नाय."

झालं! दुसऱ्या दिवसापासून वधूपक्षात नामजप सुरू. कल्पना विठ्ठल विठ्ठल, मी रामरक्षा येत नाही म्हणून नुसतं राम राम, आणि रूपाली म्हणाली, "मला देवाचं काय पाठ नाय, मी कबड्डी कबड्डी म्हणते." आणि खरंच म्हणायची! एका श्वासात किती होतात ते बघायची. सुरुवातीला चारदा तरी व्हायचं.

डॉक्टर राउंडला आले तर तिघी पालथ्या आणि तिघींची पुटपुट चाललेली. त्यांनी ज्योतीला विचारलं, "ह्यांना काय झालंय?"

ज्योती म्हणाली, "काय माहीत! मनी मायनी जपी जाय सांगं ना, तवापासून करी राह्यन्यात." मग तिच्याच लक्षात आलं आणि तिला हसू आवरेना. "आवं ताई, जपी जाय म्हणजे झोपून जा! आमच्या अहिराणीत झोपण्याला जपणं म्हणतात!"

हसलो, हसलो! चारही मशीन एकदम बोंबलायला लागल्या. पगारे सिस्टर पळत आल्या. कौस्तुभ डॉक्टर दाराशी उभे राहून म्हणाले, "आजपासून ह्या वॉर्डात हसायला बंदी. आणि सगळ्यांनी आता... जपी जा!"

* * *

कार्यालयाच्या ऑफिसातला फोन कुणी बंद केलाच नव्हता. तो अधूनमधून वाजायचा. एकदा दुपारी पगारे सिस्टरांनी उचलला. ऑफिस आमच्या खोलीला लागूनच, त्यामुळे सिस्टरांची बाजू आम्ही कानांनी ऐकली आणि समोरच्याची त्यांनी नंतर करून दाखवली.

समोरचा म्हणाला, "हॉलमध्ये जागा मिळेल का?"

"दोन आहेत. पण लवकर या."

"आमचे पंचवीस जण आहेत."

"पंचवीस! एका घरचे?"

"नाही, दोन्हीकडचे मिळून. परवानगी तेवढ्याचीच आहे ना!"

"सगळे पॉझिटिव्ह?"

"म्हणजे काय! दोन्ही घरं एकदम पॉझिटिव्ह आहेत. मुलगा-मुलगी तर आधीपासूनच!"

सिस्टर घाबरल्या. म्हणाल्या, "अहो, मग घरी काय करताय? त्रास काय काय होतोय?"

तो बिचारा म्हणाला, "त्रास म्हणाल तर, मुलीच्या मामाला मान हवाय!"

* * *

कल्पनाची फुलशेती. झेंडू आणि शेवंती. त्या वर्षी देवळं बंद, लग्नं पंचवीस माणसांत, फुलबाजार बंद. आणि झेंडू असा तरारून आलेला म्हणे, की गेल्या दहा वर्षांत आला नव्हता. तिचा नवरा, भाऊसाहेब, रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर तिला शेत दाखवायचा. फोन सरीसरीनं फिरवायचा आणि ही इकडे पालथी पडून शेत बघायची.

आणि नुसती बघायची नाही! "तो कोपरा पाण्यावाचून राहिला का? त्या फुलांचं बी पडंल, तोडून टाका. इकडं दाखवा, नाय, डावीकडं!" असं सगळं मास्कमधून. बोललं की तिचा ऑक्सिजन सरसर खाली यायचा. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली, फोनवर एक शब्द बोलायचा नाही.

मग कल्पनानं हातवारे सुरू केले. एका सकाळी तिला सांगायचं होतं की पिकलेली फुलं खुडून बांधाला टाका. तिनं चिमूट करून खुडल्यासारखं केलं आणि हात बाहेर झटकला. भाऊसाहेबांनी मान डोलावली. फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा कॉल आला. भाऊसाहेब घामाघूम, आणि मागे काळी मोकळी जमीन.

"तू म्हणालीस तसं केलं," ते म्हणाले. "अख्खा वाफा उपटून बांधाला टाकला."

कल्पना ताडकन उठून बसली. मास्क बाजूला सारला आणि त्या माणसाला जे काही बोलली, ते मी इथे लिहू शकत नाही. रूपाली पोलीस खात्यातली, पण तीसुद्धा म्हणाली की ह्यातले दोन शब्द मला नवीन आहेत! सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, मास्क पुन्हा लावला, बोटाला मशीन लावली.

ऑक्सिजन चांगला वाढला होता!

कौस्तुभ डॉक्टर मशीनकडे बघत राहिले. पुन्हा लावून बघितलं. मग म्हणाले, "ताई, औषध चालू ठेवू. पण मिस्टरांना रोज एक फोन कंपल्सरी."

* * *

आता रूपालीचं.

मास्कचे इलॅस्टिक केसांत अडकायचे. काढताना चिमट्यानं उपटल्यासारखं व्हायचं. आंघोळ नाही, विंचरणं नाही, डोक्याचं घरटं झालेलं. रूपालीचा बॉयकट होता, तिला हा त्रास नव्हता. पण एका दुपारी ती सिलेंडरची नळी सांभाळत उठली, माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "इकडं डोकं कर."

तिनं माझ्या दोन घट्ट वेण्या घातल्या. मग कल्पनाच्या. मग ज्योतीच्या. बांधायला काही नाही म्हणून सिस्टरांकडून पट्टीचं कापड मागून घेतलं आणि त्याच्या रिबिनी केल्या. मध्ये मध्ये थांबायची, कॉटचा दांडा धरून श्वास घ्यायची, पुन्हा विंचरायला लागायची. ज्योतीच्या केसांत गुंता फार होता. ज्योती म्हणाली, "राहू द्या ताई, दमाल." तर म्हणाली, "गप बस गं बारके. मला मुलगी नाय. एवढी हौस तरी होऊ दे."

डॉक्टर आले तर वर पांढऱ्या रिबिनी बांधलेल्या तीन पोरी पालथ्या. म्हणाले, "ही शाळा कधी भरली?" रूपालीनं सांगितलं, "तास चालूये सर. पालकांनी बाहेर थांबावं!"

डॉक्टर हसले. मग त्यांनी तिच्या बोटाला मशीन लावली आणि हसायचे थांबले.

सगळ्यात धडधाकट तीच होती हो. दाराजवळचा बेड तिनं मागून घेतला होता, का तर आम्हाला काही लागलं तर तिला उठून हाक मारता यावी. आणि आमचे आकडे हळूहळू वर येत होते आणि तिचे खाली चालले होते. मोठा मास्क लावला. मग त्याहून मोठा. तिचं कबड्डी कबड्डी आता एका श्वासात एकदाही पुरं होत नव्हतं.

एकदा मी पालथी, ती पालथी, तोंडं एकमेकींकडे. ती हळूच म्हणाली, "मीनल, मला दम लागलाय का मी घाबरलेय, मलाच कळंना गं."

मी म्हणाले, "दोन्ही असेल. मलाही तसंच होतंय."

"तुला पण ना?" ती म्हणाली. तिला तेवढ्यानं बरं वाटलं असावं. डोळे मिटून म्हणाली, "मग चालतंय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, रूपालीताईंना मोठ्या हॉस्पिटलला हलवावं लागेल, आयसीयूत, मशीनवर. बेड मिळायची मारामार होती. त्यासाठी डॉक्टर सकाळपासून फोनवर होते. मिळाल्याचं कळलं तेव्हा तर आम्ही टाळ्या वाजवल्या! आम्हाला वाटलं, चला, मिळाला, आता ती वाचली. तिला स्ट्रेचरवर घेतलं तर ज्योती रडायला लागली. रूपालीनं नुसता हात वर केला, वेण्या घातल्यासारखी बोटं हलवली, आणि गेली.

मग रोज आम्ही विचारायचो आणि पगारे सिस्टर सांगायच्या, "आहे. बरं आहे." पण सांगताना पाठ फिरवायच्या आणि आवाज बदलायचा त्यांचा.

एका दुपारी कौस्तुभ डॉक्टर आले, ते किट न घालता. साधा मास्क, शर्ट, चपला. इतके दिवस आम्ही ह्या मुलाचे फक्त डोळे बघितले होते. अगदीच पोरसवदा होता. त्याची ड्युटी संपली होती आणि तो दाराजवळच्या त्या रिकाम्या बेडपाशी खाली जमिनीवरच बसला.

कल्पना म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगा. आम्ही पालथ्या हावोत. आणखी खाली पडायला जागा नाय."

तो म्हणाला, "सकाळी गेल्या ताई."

खोलीत सिलेंडरच्या पाण्याचे बुडबुडे तेवढे वाजत होते. ज्योतीनं उशीत तोंड खुपसलं. मला इतके दिवस सांगितलेलं होतं, हसू नका, रडू नका, ऑक्सिजन उतरतो. म्हणून मी श्वास धरून बसले होते.

त्यानं ते बघितलं. म्हणाला, "रडा ताई. रडू नका असं नाही म्हणत. फक्त हळूहळू रडा. श्वास सोडत सोडत."

आणि हे सांगता सांगता तोच इतका रडला, की शेवटी कल्पनानं हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "हळू, बाळा. तू पण हळू."

* * *

कल्पनाला सगळ्यात आधी सोडलं. पेशंट घरी निघाला की स्टाफ टाळ्या वाजवायचा. भाऊसाहेब टेम्पो घेऊन आले होते आणि टेम्पोत झेंडू! उरलेल्या वाफ्यांतला. बाजार बंद होता, पण फुलं थांबतात का! माणूस तोंडावर उपरणं बांधून गेटपाशी उभा, हातात हा एवढा जाड हार, डोळ्यांत पाणी.

कल्पना पायऱ्यांवरून हळूहळू उतरली. हार बघितला आणि किंचाळली, "माझ्या गळ्यात नको! फोटोला घालत्यात तसला आणलाय! आत्ता तर वाचलेय मी!"

भाऊसाहेब गांगरले. हार परत न्यायचा कसा? डॉक्टरांना घालायला गेले तर डॉक्टर मागे सरकले, हात नका लावू म्हणून. शेवटी त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि दाराशी उभ्या असलेल्या उंच, हिरव्या, गंजलेल्या सिलेंडरला तो हार घातला. दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

आतून पगारे सिस्टरांचा आवाज आला, "चला! वधूपक्षाला शेवटी नवरा मिळाला!"

तो सिलेंडर दिवसभर हार घालून तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशी मला सोडलं, तेव्हा बदलून नेला होता. फुलं सुकलेली नव्हती, ती कुणीतरी पायरीवर नीट ठेवली होती.

* * *

आमचा व्हॉट्सॲपचा ग्रुप अजून चालू आहे. नाव 'पालथ्या पोरी'. माझ्या नवऱ्याला हे नाव आवडत नाही. कुणी वाचलं तर काय म्हणेल, म्हणतो. मी म्हणते, ज्यांना कळायचं त्यांना कळतं!

ज्योती आता एकलहऱ्याला क्वार्टरमध्ये असते. तिला मुलगा झाला. जिना चढताना अजून थांबते, पण चढते. कल्पनाचा झेंडू दसऱ्याला तीन ठिकाणी जातो आणि भाऊसाहेबांना हातवाऱ्यांनी काही सांगायला तिला घरात बंदी आहे. पगारे सिस्टर रिटायर झाल्या. आणि मला गंमत वाटते, की त्या खोलीची मला आठवण येते. लोक म्हणतात, ते दिवस विसरून जा. तिथे एवढं वाईट झालं, तरी दुपारी घरात एकटी असले आणि पालथी पडले, की वाटतं, आता कुणीतरी उशीतून बोलेल.

मागच्या वर्षी कौस्तुभ डॉक्टरांची पत्रिका आली. लग्न! आणि कुठे? त्याच कार्यालयात! त्यांना म्हणे दुसरा हॉल मिळत होता, पण ते हट्टानं म्हणाले, "मला तिथेच करायचंय. तिथे एकदा नीट जेवायचंय मला."

आम्ही तिघी पैठण्या नेसून गेलो. मुलीकडच्यांनी सांगितलं, बायकांनी आत बसा, वधूपक्षाच्या खोलीत. आम्ही आत गेलो. भिंती रंगवल्या होत्या, कॉटच्या जागी गाद्या होत्या, आरसा तसाच होता. ज्योती दाराजवळ जाऊन उभी राहिली. कल्पनानं नाक ओढलं. मला वाटलं, आता तिघी इथेच सुरू होणार आणि लग्नघराला अपशकुन होणार!

तेवढ्यात ज्योती म्हणाली, "ताई, एक फोटो शे काढना."

पुढचं काही ठरवलं नाही. तिघी पैठण्यांसकट गाद्यांवर पालथ्या झालो! नथी सांभाळत, गजरे सांभाळत, माना एका बाजूला करून. ज्योतीनं आरशात नेम धरून फोटो काढला.

आणि दार उघडून नवरी आत आली. मागे तिची आई, मावशी, मेकअपवाली.

नवरी किंचाळली, "अहो, ह्यांना काय झालं? कुणीतरी डॉक्टरांना बोलवा!"

डॉक्टर मुंडावळ्या सावरत पळत आले. आम्हाला बघितलं. मग अगदी जुन्या आवाजात ओरडले, "छान! आता अर्धा तास हलायचं नाही!"

* * *

आणि हा एक. हा आम्हाला यंदाच कळला.

वर्षातून एकदा आम्ही सायखेड्याला रूपालीच्या घरी जातो. तिची आई जवळच राहते, तीही येते आणि आम्हाला बळंबळं जेवायला घालते. रूपालीचा मुलगा आता उंच झालाय, आवाज फुटलाय, आम्हाला तिघींना एकच नाव आहे, मावशी. यंदा गेलो तर ओट्यावर एक पोलीस बसलेला होता. साध्या कपड्यांत, पण बूट पोलिसाचे. रूपालीची आई म्हणाली, "हे वाघ. तिच्याबरोबर ड्युटीला होते. सणावाराला येतात बिचारे."

वाघ म्हणजे थोराड, मिशाळ, अबोल माणूस. जेवणं झाली. आमच्या वॉर्डातल्या गप्पा निघाल्या, आरसा, वेण्या, कबड्डी कबड्डी. रूपालीचा मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, मग आई काय म्हणाली, मग आई काय म्हणाली. वाघ ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मला पण भेटल्या होत्या त्या. जाताना."

आम्ही एकदम विचारलं, कुठे, कधी?

ते म्हणाले, "नाकाबंदी होती चौकात. मी बॅरिकेडवर. ऊन असं, की डोकं उकळत होतं. एक ॲम्ब्युलन्स आली, मी बॅरिकेड ओढायला लागलो तर ड्रायव्हर ओरडला, 'साहेब, आत तुमच्याच मॅडम हायेत!' मला माहीतच नव्हतं हो त्या इतक्या आजारी हायेत ते. मी मागं पळालो. काचेतून बघितलं. त्या कुशीवर होत्या, तोंडाला तो मोठा मास्क. मला ओळखलं त्यांनी. हात हलवला. मला वाटलं, काहीतरी सांगायचंय. आतल्या माणसानं दार थोडं उघडलं."

रूपालीचा मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

"मी म्हटलं, मॅडम, बोला. घरी काय निरोप द्यायचा का? तर त्यांनी तो मास्क दोन बोटांनी जरासा उचलला. दम लागत होता. म्हणाल्या, 'वाघ... नाक झाक.'"

"काय?" ज्योती म्हणाली.

"माझा मास्क हनुवटीवर होता. उन्हानं खाली घेतला होता मी. मी पटकन वर घेतला. नीट नाकावर. आणि तिथंच सॅल्यूट ठोकला."

"मग?" मुलगा म्हणाला. "मग आई काय म्हणाली?"

"त्यांनी बघितलं. नीट बसलाय का ते बघितलं. आणि म्हणाल्या, 'हां. आता सोड गाडी.'"